जीपच्या कठड्यावरचा सूर्य

आमच्या मामाचा कारखाना चिंचवडला मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला होता. कारखाना हा शब्द मामाचा. वर पत्र्याचं छप्पर, खाली एक भाता, एक ऐरण, गॅसची दोन नळकांडी आणि दारात जुन्या लोखंडाचा ढीग, एवढ्याला आधी सगळे वर्कशॉप म्हणत. पण पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना उभा राहू लागला आणि मामाला वाटलं की आपणच मागे का राहायचं. त्याने पाटीवरचं 'वर्कशॉप' खोडून 'कारखाना' लिहून घेतलं. पाटी मी रंगवली. बी. ए. झाल्यावर मला मिळालेलं ते पहिलं काम. अक्षर चांगलं आलं म्हणून मामाने मला ठेवून घेतलं आणि हिशेब, पत्रव्यवहार व पुण्याच्या गिऱ्हाइकांशी शुद्ध बोलणं ही तीन खाती माझ्याकडे दिली.

आमच्याकडे बैलगाडीच्या चाकांच्या धावा, खिडक्यांचे गज, गोठ्यांची फाटकं आणि हवापालटासाठी तळेगावला बंगले बांधणाऱ्यांची गेटं होत. यांतलं काहीही असो, त्यावर सूर्य लावल्याशिवाय मामा ते बाहेर जाऊ देत नसे. मधे वाटोळी चकती आणि भोवती पट्ट्या कापून केलेली किरणं. मामाचं म्हणणं असं, की गिऱ्हाईक लोखंड विसरतं, पण सूर्य लक्षात ठेवतं. थेरगावच्या एका गृहस्थांनी संडासासाठी लोखंडी दार करून नेलं, त्यावरही सूर्य होता. त्यांनी कुरकूर केली तेव्हा मामा म्हणाला, "सकाळीच लागतो ना तो तुम्हाला?"

एका सकाळी तालुक्याच्या विकास कचेरीची जीप दारात येऊन उभी राहिली. मी बाहेर आलो, तेव्हा जीपखालून दोन पाय तेवढे दिसत होते आणि आतून कुणीतरी बोलत होतं.

"मालक, वाकून बघा. ह्यो पत्रा. दगूड हितनंच लागतो."

मामा वाकायला नाखूश होता, म्हणून मी वाकलो. जीपचा ड्रायव्हर पाठीवर पडून कडेच्या चेपलेल्या पत्र्यावर बोट फिरवत होता. हा दिघीचा माणूस. लढाईत ब्रह्मदेशात त्याने जीप चालवली होती, म्हणून सगळे त्याला हवालदार म्हणत. तो हवालदार झाला होता की नव्हता, हे कुणी विचारलं नाही. त्याच्या घरची जमीन लष्कराकडे गेली होती आणि जमिनीमागोमाग तोही लष्करात गेला. घरात आता लष्कराने न्यावं असं काही उरलेलं नाही, असं तो हसत सांगे.

"हा पत्रा फाटला की आत पेट्रोलची टाकी," तो म्हणाला. "टाकीवर सीट. सीटवर मी."

"आणि साहेब?" मी विचारलं.

"सायेब बाजूला. पन टाकी पेटली तर सायबाला बी कळंलच की."

मग तो बाहेर आला, अंगावरची माती झटकली आणि खरी गोष्ट सांगितली. चाकणच्या पुढे डोंगराच्या बाजूला जी गावं होती, तिकडे जायला रस्ता नव्हता. बैलगाड्यांनी दगडांतून पाडलेली वाट होती. त्या वाटेने विकास न्यायचं काम जीपकडे होतं आणि दर फेरीत जीपच्या कुशीला एखादा दगड लागतच होता. विकास अधिकारी, म्हणजे साहेब, पुण्याचे. दगडांबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं, ड्रायव्हरबद्दल होतं. आणखी एक मार बसला की जीप मोडीत जाईल आणि हवालदार कचेरीत शिपाई होईल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

"पट्टा बी आनून ठिवलाय," हवालदार म्हणाला. "खांद्यावरनं घालायचा चामडी पट्टा, त्याला पितळी बिल्ला. दारामागं खुंटीला लावलाय. रोज गाडीची किल्ली घ्यायला गेलो की त्यो माज्याकडं बघतो."

"मग घाल की," मामा म्हणाला. "सावलीतली नोकरी."

"मालक, बर्म्यात चिखलात गाडी रुतली, वरनं जपान्याचं इमान फिरतंय, आन् मी गाडी काडली हाय भाईर. आता घंटी वाजली की तांब्या घिऊन पळू व्हय? न्हाई जमायचं. काय बी करा, पन हिचं प्वाट वाचवा."

एवढं झाल्यावर आमचे मिस्त्री पुढे आले. मिस्त्री कोकणातले. मुंबईच्या गोदीत त्यांनी बोटी दुरुस्त केल्या होत्या आणि त्यानंतर जगात जे काही पाहिलं ते बोटीची वाईट नक्कल आहे असं त्यांचं मत झालं होतं. त्यांनी जीपभोवती एक चक्कर मारली.

"बोटीला कठडा असतो," ते म्हणाले. "हिला नाय. म्हणून लागतं."

"बोटीचा कठडा माणसं पडू नयेत म्हणून असतो," मी म्हटलं.

"तुम्ही बोट बघितलीय?"

"नाही."

"मग?"

अशा रीतीने त्या वस्तूचं नाव कठडा पडलं. दोन्ही बाजूंना, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, एकावर एक दोन पाइप: खालचा पाइप पत्र्याच्या कडेखाली, दगडाचा मार खायला, आणि वरचा जरा बाहेर, काटेरी झुडपं आणि उंच दगड अडवायला. दोन्ही पाइपांच्या मधे जी रिकामी जागा राहत होती ती बघून मामाचे डोळे चमकले. तिथे काय बसणार हे मला लगेच कळलं.

भोसरीला एक भंगारवाला लष्कराच्या लिलावातला माल उचलायचा. त्याच्याकडून पाण्याचे जाड पाइप आणले. ते कापून, भात्यावर लाल करून, टोकं आत वळवली, म्हणजे झुडूप अडकू नये. मिस्त्रींनी गॅसने जोड मारले. ते काम करताना इतके ऐटीत असत की जणू बंदरावर लोक बोटीला निरोप द्यायला जमले आहेत. मी कागदावर आकृती काढली होती. तिच्यात जीप बरी आली होती, कठडा जमला नव्हता, म्हणून तिचा उपयोग जोड पुसायला झाला.

प्रश्न एकच होता, की हा कठडा बसवायचा कशावर? मामा म्हणाला, पत्र्यावर. भोकं पाडायची, बोल्ट आवळायचे, खिडकीचा गज बसवतो तसं. मिस्त्री म्हणाले, बरोबर, बोटीचा कठडा डेकवरच असतो. हवालदार म्हणाला, तुमाला ठावं. मी काहीच म्हणालो नाही, कारण आदल्या प्रश्नाने माझं बोटीविषयीचं अज्ञान सिद्ध झालं होतं.

तर तसा बसवला, दोन्ही बाजूंना सूर्य लावला, आणि जीप पवनेच्या पात्रात, थेरगावच्या अंगाला, दगडधोंड्यांत नेली. हवालदाराने एक ठसठशीत दगड निवडला आणि जीप हळूहळू त्याच्या कुशीला घातली. आधी एक आवाज झाला, मग दुसरा. दुसरा ऐकून मिस्त्रींनी टोपी काढली.

कठड्याला काही झालं नव्हतं. त्याला साधा ओरखडाही नव्हता. दगडाचा सगळा भार घेऊन तो बोल्टांसकट पत्र्यात घुसला होता. आम्ही जे बनवलं होतं त्याने स्वतःचं उत्तम रक्षण केलं होतं. जीपचं तेवढं राहून गेलं होतं. अशा संस्था मी नंतर पुष्कळ पाहिल्या, पण ती पहिली.

हवालदार नदीतल्या एका दगडावर बसला. पाण्याकडे बघत म्हणाला, "पट्टा."

"अरे राव, थांब जरा," मामा म्हणाला. "सूर्याला काही झालेलं नाही."

"सूर्य घालू का खांद्यावर?"

परतल्यावर मिस्त्रींनी जीप ठोकळ्यांवर चढवली, खाली शिरले आणि बाहेर येऊन म्हणाले, की बोटीला कणा असतो आणि वरचा पत्रा म्हणजे नुसती कातडी. कातडीवर कठडा बसवा असं सांगणारा माणूस गोदीत एक दिवस टिकला नसता. तो माणूस कोण हे त्यांनी सांगितलं नाही. चेपलेला पत्रा ठोकून सरळ केला, रंग मारला आणि दुसऱ्यांदा कामाला लागलो.

या वेळी कठडा चासीवर, म्हणजे जीपच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर घ्यायचा ठरला. चासीला भोक पाडायचं नाही, गॅसची ज्योतही लावायची नाही, तापलं की लोखंड दुबळं होतं, हे सर्वांना मान्य झालं. जाड पट्टीचे हात केले, त्यांच्या टोकाला पत्र्याचे जाड तुकडे, आणि लॉरीचे पाटे ज्या यू आकाराच्या बोल्टांनी आवळतात तसले बोल्ट चासीभोवती घालून ते हात घट्ट धरले. पत्र्याला कुठेही स्पर्श नाही. मधे बोट जाईल एवढी फट.

"चामड्याच्या चकत्या हव्यात मधे," मिस्त्री म्हणाले. "लोखंडावर लोखंड बसलं की खडखडतं. बोटीवर चामडंच घालतात."

चामडं नव्हतं. मामाने जुन्या टायरचे तुकडे घातले. जीप चालली की बांगड्या घातल्यासारखी किणकिणायची, पण हवालदार म्हणाला, वाजू दे, लढाईत यापरास वाजत व्हती.

पुन्हा नदीत गेलो, पुन्हा तोच दगड. या वेळी खालचा पाइप दगडावर टेकला, किंचाळत घसरला आणि जीप पलीकडे उतरली. पाइपावर रुपेरी चरा. पत्रा जसाच्या तसा. हवालदार खाली उतरला, कडेवरून हात फिरवला आणि मामाला म्हणाला, "मालक, दोन सूर्य आनखी लावा म्हनलं तरी लावीन." मामाने ते गंभीरपणे घेतलं, त्याला आवरावं लागलं.

साहेबांनी कठडा पाहिला तेव्हा मी तिथे होतो. साहेब खाकी बुशशर्ट घालत, खिशाला दोन पेनं लावत आणि साधं वाक्यसुद्धा सभेत बोलल्यासारखं बोलत. हवालदाराला त्यांनी 'हे काय?' असं विचारलं आणि उत्तर यायच्या आत त्यांची नजर सूर्यावर गेली.

"उगवता भारत," ते म्हणाले. "छान. प्रतीकात्मक आहे."

मामाने मान डोलावली. थेरगावच्या संडासाच्या दारावरही उगवता भारत होता हे मी बोललो नाही.

तेवढ्यात दसरा आला. खंडेनवमीला आमच्याकडे हातोडे, पकडी, ऐरण, भाता सगळ्यांची पूजा व्हायची. हवालदार जीप घेऊन आला. त्याच्या मते आमची सगळ्यात मोठी कामगिरी तीच होती. जीपला झेंडूची माळ घातली, दोन्ही सूर्यांना हळदकुंकू लावलं, आणि नारळ फोडायला दगड शोधायच्या ऐवजी मिस्त्रींनी तो कठड्यावरच आपटला. एका फटक्यात दोन शकलं झाली आणि पाणी मामाच्या नव्या सदऱ्यावर गेलं. हे फार शुभ मानण्यात आलं. त्या दिवसापासून हवालदार रोज सकाळी जीप पुसून सूर्यांना कुंकवाचं बोट लावू लागला.

आता, हा देव जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर होता आणि नेमका तिथे होता जिथे माणूस जीपमध्ये चढताना पाय ठेवतो. याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता.

कठडा लावल्यावर डोंगराकडच्या गावाची पहिली फेरी निघाली तेव्हा मामाने मला बरोबर धाडलं, बोल्ट ढिले होतात का ते बघायला. पुढे साहेब आणि हवालदार, मागे मी आणि पाना. वाटेत कठडा दोन-तीनदा दगडांवर घासला. दर वेळी हवालदार मान तिरकी करून तो आवाज गाणं ऐकावं तसा ऐकायचा. साहेबांनी गावाविषयी मला आधीच सांगितलं होतं. लोक अडाणी. जपानी भातशेती सांगितली तर हसतात, खताचे खड्डे सांगितले तर शेतावर निघून जातात. मागच्या खेपेला त्यांचं भाषण ऐकायला एक म्हातारा आणि एक शेळी एवढीच सभा होती, आणि शेळी आधी उठली होती.

जीप चावडीपुढे थांबली. नेहमीप्रमाणे लोक लांब उभे. तोच मागच्या खेपेचा म्हातारा काठी टेकत पुढे आला. अंगावर घोंगडी, डोळे अधू. जीपच्या कडेला येताना त्याचा पाय कठड्याला लागला. त्याने खाली पाहिलं. कुंकू दिसलं, झेंडूचं वाळकं फूल दिसलं. पूजेच्या वस्तूला पाय लागल्यावर माणूस जे करतो ते त्याने केलं: वाकला, कठड्याला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला.

कठड्याच्या बरोब्बर वर, जीपबाहेर किंचित काढलेले, साहेबांचे बूट होते.

म्हातारा वाकला म्हणून त्याच्या मागचा वाकला. त्याच्या मागच्याने सूर्य पाहिला आणि तोही वाकला. मग बाया आल्या. त्यांनी तर पदर पसरून नमस्कार केला. साहेब आधी दचकले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"अहो, नको, नको," ते म्हणाले. "असं करू नका. आता लोकांचं राज्य आहे. मी तुमचा सेवक आहे." पण बूट त्यांनी आत घेतले नाहीत.

हवालदाराने तोंड उघडलं. साहेबांचा गैरसमज दूर करावा असा प्रामाणिक विचार त्याच्या मनात आला असावा. मग तो पुढच्या काचेकडे पाहू लागला आणि त्याने तोंड मिटलं. मी पाना घेऊन जीपखाली गेलो आणि आवळलेला बोल्ट पुन्हा आवळला.

त्या दिवशी साहेबांनी खताच्या खड्ड्यांवर इतकं सुंदर भाषण केलं की काही जण शेवटपर्यंत थांबले. म्हातारा जाताना हवालदाराला हळूच म्हणाला, "कंचा द्येव बशिवलाय रं गाडीत?"

"सूर्यनारायन," हवालदार म्हणाला.

"आन् वर बसलाय त्यो?"

"त्यो इकास."

"आसंल," म्हातारा म्हणाला.

त्यानंतर साहेबांना दौऱ्याचं वेड लागलं. पूर्वी ते रस्ता विचारून गाव ठरवत. आता जितकी वाट वाईट तितका लोकांचा भाव निर्मळ, असा त्यांचा सिद्धांत झाला. सूर्याच्या जीपची बातमी त्यांच्या पुढे पोचायची. कुणी फूल वाहायचं, कुणी नारळ ठेवायचं. नारळ साहेब घरी नेत. पुण्याहून कुणी वरिष्ठ आले की साहेब डोळे अर्धवट मिटून सांगत, "जनतेच्या हृदयात शिरावं लागतं." मी इतिहासाची पुस्तकं वाचत होतो. त्यांत राजांना लोक वाकत असल्याचं पानापानावर होतं. वाकणारे नक्की कशाला वाकत होते हे एकाही पुस्तकात नव्हतं, आणि तोवर मला ते विचारायचं सुचलंही नव्हतं.

अडचण एकच होती. साहेब स्वतः जीपमध्ये चढताना कठड्यावर, नेमका सूर्याच्या डोक्यावर, बूट ठेवत. लोक ते पाहून चुळबुळ करत. एका गावात एक बाई उघड म्हणाली, "आगं बाई, द्येवाला लाथ!" साहेबांना ते ऐकू गेलं नाही, हवालदाराला गेलं. दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडून एक लाकडी स्टूल घेऊन गेला. साहेब उतरायचे झाले की हा धावत जाऊन स्टूल ठेवी, चढायचे झाले की पुन्हा ठेवी. साहेबांना तोही आपला मान वाटला.

मिस्त्रींनी त्याला डिवचलंच. "काय हवालदार, पट्टा घालायचा नव्हता ना? स्टूल ठेवतोस ते चालतं?"

"सायबासाठी ठिवत न्हाई," हवालदार म्हणाला. "सूर्यासाठी ठिवतो."

"दिसतं साहेबांसाठी."

"दिसूंदे की. त्यांना बी तसंच दिसतंय. म्हून तर गाडी चालतीया."



पुढे उन्हाळ्यात सरकारी गाड्या तपासायला एक इंजिनिअर आले. त्यांना जनतेचं हृदय वगैरे ठाऊक नव्हतं. त्यांनी जीप पाहिली, मंजुरी नसलेली वस्तू गाडीला जोडली आहे असं म्हटलं आणि ती काढून टाका म्हणून सांगितलं. साहेब वरिष्ठांपुढे नियमाचे पक्के होते. ते म्हणाले, "काढून टाका."

हवालदार जीप घेऊन आला. मिस्त्रींनी बोल्ट सोडले. मामाने दोन्ही कठडे भिंतीला टेकवून ठेवले आणि त्यांच्यावर गोणपाट टाकलं, घरात कुणी गेल्यावर आरसा झाकतात तसं. जीप एकदम उघडी दिसू लागली.

"उद्याच डोंगराकडं जायाचं हाय," हवालदार म्हणाला. "आजवर एक मार न्हाई लागू दिला. उद्या लागनार. आन् परवा पट्टा."

मामाला वाईट वाटलं असावं, कारण तो म्हणाला, "भाच्याला घेऊन जा." पत्रा फाटल्यावर बी. ए.चा काय उपयोग होणार होता ते त्याने सांगितलं नाही. पण मी गेलो.

जीप चावडीपुढे थांबली. साहेबांनी पाय सवयीने थोडे बाहेर काढले आणि चेहऱ्यावर 'नको, नको' तयार ठेवलं. म्हातारा आला. वाकून पाहिलं. नुसता पत्रा. काठीने त्याने तिथे दोनदा टकटक केलं, जीपच्या पलीकडे जाऊन तिकडेही पाहिलं आणि हवालदाराला विचारलं, "द्येव कुटं ग्येला?"

"हाय, हाय," हवालदार पुटपुटला. "चिंचवडाला हाय."

म्हाताऱ्याने वळून लोकांकडे पाहून हात हलवला. आलेले लोक हळूहळू पांगले. साहेबांचे पाय थोडा वेळ तसेच बाहेर राहिले. मग ते त्यांनी आत घेतले. खताच्या खड्ड्यांबद्दल ते दोन वाक्यं बोलले आणि थांबले. ऐकायला मी होतो. शेळी या वेळी आली नव्हती.

परतीच्या वाटेवर, ज्या दगडाची हवालदाराला भीती होती तोच लागला. मोठा आवाज झाला, पत्रा चेपत आत गेल्याचं मला मागे बसून पायाला कळलं. हवालदाराने जीप थांबवली, उतरून वाकून पाहिलं. टाकी वाचली होती. तो पुन्हा येऊन बसला आणि साहेबांच्या बोलण्याची वाट पाहू लागला. साहेब बोलले नाहीत. चाकण येईपर्यंत नाही, कचेरी येईपर्यंत नाही. उतरताना स्टूल ठेवायचं हवालदार विसरला आणि साहेब बिनस्टुलाचे उतरून आत गेले.

"झालं," हवालदार मला म्हणाला. "उद्याच्याला या पानी प्यायला. मीच आनून दीन."

दुसऱ्या दिवशी जीप आमच्या दारात उभी राहिली, तेव्हा चालवणारा हवालदारच होता आणि बाजूला साहेब बसले होते. साहेब कारखान्यात यायची ती पहिलीच वेळ. मामाने खुर्ची पुसली. साहेब बसले नाहीत. गोणपाट बाजूला करायला लावून त्यांनी कठडा पाहिला, बराच वेळ.

"हे पुन्हा बसवा," ते म्हणाले.

"पण मंजुरी, साहेब..."

"नियम गाडीसाठी असतो. हा जनसंपर्काचा प्रश्न आहे. मी वर बोललो आहे." मग आवाज जरा खाली आणून ते म्हणाले, "लोकांना सवय झाली आहे त्याची. आणि तो सूर्य जरा सोनेरी करा. दुरून दिसला पाहिजे."

त्यांना काय समजलं होतं आणि काय नव्हतं, हे मला तेव्हा ओळखता आलं नाही, आजही सांगता येत नाही. चेपलेल्या पत्र्याविषयी ते अवाक्षर बोलले नाहीत. 'काम झालं की बोलवा' म्हणून रस्त्यापलीकडे चहा प्यायला गेले.

ते दृष्टीआड झाल्यावर हवालदाराने सीटमागे हात घातला आणि पट्टा बाहेर काढला. चामडं चांगलं जाड होतं, आणि मधोमध वाटोळा पितळी बिल्ला, त्यावर कोरलेलं 'शिपाई'.

"हे कुठून आणलंस?" मामा घाबरून म्हणाला.

"सायबांनीच दिलं. खुंटीवर डोंगराकडच्या गावांचा नकाशा लावायचाय म्हनले, ह्ये काय लोंबतंय, टाकून दे." त्याने पट्टा मिस्त्रींपुढे ऐरणीवर ठेवला. "तुमी चामडं मागत व्हता न्हवं?"

मिस्त्रींनी पट्टा हातात घेऊन वाकवून पाहिला. "बोटीवर असलंच घालतात," ते म्हणाले आणि छिन्नी घेऊन चकत्या पाडायला बसले. टायरचे तुकडे फेकले, प्रत्येक बोल्टाखाली पट्ट्याची एकेक चकती गेली. आवळताना शेवटचा फेरा हवालदाराने स्वतः दिला, दात ओठ खाऊन.

बिल्ला उरला. मामाने तो उचलला, साहेबांच्या बाजूच्या सूर्यावर धरून पाहिला. माप तंतोतंत नव्हतं, पण मामाने किरणं थोडी वाकवली. दुसऱ्या बाजूच्या सूर्याला पिवळा रंग दिला. तिकडे हवालदार बसत असल्यामुळे गर्दी नसे. अक्षरांची बाजू आत गेली, पाठीची गुळगुळीत बाजू बाहेर आली. घासल्यावर ती खरोखरच दुरून चमकू लागली. साहेब चहा पिऊन आले, त्यांना ती फार आवडली.

जीप निघाली. या वेळी कठडा मुळीच वाजला नाही. पुढल्या दौऱ्याला मी नव्हतो. हवालदाराने येऊन सांगितलं ते एवढंच, की म्हातारा आला, वाकला, पितळेला हात लावून कपाळाला नेला. त्याच्यामागे सगळं गाव वाकलं. साहेब 'नको, नको' म्हणाले.

"मग तू काय केलंस?" मिस्त्रींनी विचारलं.

"काय करनार? स्टूल ठिवलं."